आम्ही गिऱ्हाईक नाही

"नासका माल विकणाऱ्या दुकानाची पायरी माणूस पुन्हा चढत नाही. मग तुम्ही दर रविवारी तिथे का जाता?" एका घरगुती जेवणात एका गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. दुकान म्हणजे क्लीव्हलंड ब्राउन्स, आमच्या शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. मी सौजन्याने गप्प बसलो. आता गप्प बसायचं कारण उरलेलं नाही, कारण तोच युक्तिवाद त्यांनी पुढे चार ठिकाणी केला आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

त्यांचं म्हणणं असं. हा संघ १९९९ साली नव्याने उभा राहिला, तेव्हापासून तीनदाच बाद फेरीत पोचला: २००२, २०२० आणि २०२३. त्यात सामना जिंकला एकच. २०१७ साली सोळापैकी सोळा सामने हरला, २०२४ साली सतरापैकी चौदा. तरीही लोक तिकिटं काढतात, नारिंगी टोप्या घालून कडाक्याच्या थंडीत बसतात. ज्याचा गल्ला भरलेला आहे तो मालक कशाला सुधारेल? म्हणजे पराभवाचं मूळ चाहत्यांची निष्ठा. दोन वर्षं स्टेडियम ओस पाडा, संघ आपोआप ताळ्यावर येईल. तेवढा धीर नसेल तर दुसरा संघ धरा, देशात एकतीस आहेत.

युक्तिवाद सुटसुटीत आहे. अडचण एकच: तो या धंद्याला लागू पडत नाही.

राष्ट्रीय टीव्ही करारांचा पैसा या लीगमध्ये बत्तीस संघांत सारखा वाटला जातो. जिंकणाऱ्याला जास्त नाही, हरणाऱ्याला कमी नाही. बाकीचे मालक हिशेब दाखवत नाहीत, पण ग्रीन बे पॅकर्स हा संघ भागधारकांचा असल्यामुळे त्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो. त्यावरून दिसतं की असा सामायिक वाटा आता एका संघाला वर्षाला ४० कोटी डॉलरहून अधिक मिळतो. आमच्या मालकालाही तेवढाच मिळतो, मग तो एक सामना जिंको की अकरा. माझी खुर्ची रिकामी राहिली तर या रकमेतला एक पैसाही कमी होत नाही. ज्या दुकानाचं भाडं, पगार आणि नफा गावाबाहेरून येतो, त्या दुकानावर गावाने बहिष्कार घातला तर दुकानदाराला काय फरक पडणार?

आणि समजा पडला. समजा स्टेडियम ओस पडलं. मग मालक काय करू शकतो हे या शहराने बघितलेलं आहे. त्या गृहस्थांनी बघितलेलं नाही, कारण ते इथे आले २००६ साली.

६ नोव्हेंबर १९९५. आर्ट मॉडेल या तेव्हाच्या मालकाने जाहीर केलं की संघ बाल्टिमोरला जाणार. आदल्या वर्षी, १९९४ साली, संघाने अकरा सामने जिंकले होते. एरी सरोवराच्या काठावरचं ते जुनं प्रचंड स्टेडियम रिकामं नव्हतं. निष्ठेत कुठे खोट नव्हती. लगेच दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, याच भागातल्या मतदारांपुढे एक प्रस्ताव होता: दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवून त्या पैशातून स्टेडियम दुरुस्त करायचं का? सकाळच्या वर्तमानपत्रात संघ चालल्याची बातमी वाचून लोक मतदानाला गेले आणि त्यांनी तो प्रस्ताव प्रचंड बहुमताने मंजूर केला. मालक जातोय हे ठाऊक असताना त्याच्या स्टेडियमसाठी स्वतःवर कर लादून घेतला. तरी तो गेला.

ही तारीख मी नंतर एकदा त्या गृहस्थांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे निष्ठेचा उपयोग नाही हेच सिद्ध झालं ना?" नाही. सिद्ध एवढंच झालं की मालक चाहत्यांच्या खुर्च्या मोजून निर्णय घेत नाही. भरलेल्या खुर्च्यांनी तो थांबला नाही, मग रिकाम्या खुर्च्यांनी सुधारेल कसा? उलट रिकामं स्टेडियम म्हणजे त्याच्या हातात आयतं दिलेलं कारण: "पाहा, या शहराला संघ नको आहे." १९९५ मध्ये हे कारण त्याच्याकडे नव्हतं, म्हणून तर पुढचं घडलं.

१७ डिसेंबर १९९५ चा शेवटचा घरचा सामना. समोर सिनसिनाटी. ब्राउन्स २६-१० असे जिंकले. लोकांनी बाकं उखडली, खुर्च्या मैदानात भिरकावल्या. सामना संपल्यावर खेळाडू पूर्वेकडच्या 'डॉग पाउंड'मध्ये गेले, कुत्र्यांचे मुखवटे घालून भुंकणाऱ्या, सर्वांत स्वस्त जागांवरच्या प्रेक्षकांकडे, आणि त्यांना मिठ्या मारून रडले. कुठलं गिऱ्हाईक दुकान बंद होताना दुकानातल्या नोकराच्या गळ्यात पडून रडतं? मग चाहत्यांनी इतर मालकांच्या कचेऱ्यांवर फॅक्सचा आणि फोनचा भडिमार केला, शहर कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९६ मध्ये लीगला तडजोड करावी लागली: खेळाडू बाल्टिमोरला जातील, पण ब्राउन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि १९४६ पासूनचा सगळा इतिहास क्लीव्हलंडकडे राहील आणि १९९९ पर्यंत शहराला संघ परत मिळेल. जुनं स्टेडियम पाडलं, त्याचा राडारोडा माशांसाठी एरी सरोवराच्या तळाशी टाकला. नाव मात्र शहराने सोडलं नाही. तीन हंगाम इथे संघ नव्हता आणि चाहते होते. दुकान नसताना गिऱ्हाईक कसं काय शिल्लक राहिलं, हे त्या गृहस्थांनी एकदा समजावून सांगावं.

बाकी आक्षेप लवकर आटोपतात. "ठरवून हरा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते" हा त्यांचा उपाय या संघाने करून पाहिलेला आहे: २०१६ आणि २०१७ मिळून एक विजय, एकतीस पराभव. पहिल्या निवडीतून आलेला क्वार्टरबॅक बेकर मेफिल्ड, ज्याने २०२० साली बाद फेरी दाखवली, त्याला २०२२ मध्ये घालवून टाकलं.

डेशॉन वॉटसनबद्दलचा आक्षेप मात्र एका ओळीत झटकण्यासारखा नाही. दोन डझनांहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केलेल्या खेळाडूसाठी आमच्या मालकाने २०२२ साली ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या तीन निवडी दिल्या आणि २३ कोटी डॉलरचा संपूर्ण हमीचा करार केला. लीगने त्याच्यावर अकरा सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलरचा दंड लावला. हा करार लाजिरवाणा होता, आजही आहे. त्याच्या नावाचा शर्ट माझ्या घरात आला नाही, येणार नाही. पण त्या करारावर सही मालकाची आहे. घराण्यातल्या एकाने नाव घालवलं म्हणून बाकीच्यांनी आडनाव टाकायचं नसतं.

इथे एक जुना वाद पुन्हा काढतो, कारण तो मिटलेला नाही. सोळा पराभवांनंतर ६ जानेवारी २०१८ ला चाहत्यांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. शून्याच्या आकारात चालले. थंडी हाडं गोठवणारी होती. मी त्यात होतो. तेव्हाही काही जाणकारांनी आम्हाला सुनावलं की तुम्ही अपयशाचा सोहळा करता, खेळाडूंचा अपमान करता. सोहळा? हातातल्या फलकांवर मालकाचा आणि प्रशिक्षकाचा उद्धार होता. सोळा सामने पाहिलेल्या माणसांनी, भर थंडीत, त्याच स्टेडियमच्या दाराशी जाऊन काढलेला तो निषेध होता. खर्च भागून उरलेले पैसे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला गेले. ज्यांनी संघ सोडला त्यांना निषेध करायलाही यायचं नव्हतं. ते घरी दुसऱ्या संघाचा सामना पाहत होते. निष्ठा म्हणजे समाधान, हे समीकरण कोणी मांडलं? हरणाऱ्या संघावर त्याच्या चाहत्याइतका कोणीच चिडत नाही.

मग मी नक्की कोणाशी निष्ठावान आहे? मालकाशी नाही, हे सांगून झालं. पॉल ब्राउन या प्रशिक्षकाने १९४६ साली उभ्या केलेल्या संघाशी. त्या पहिल्याच वर्षी त्याने मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतलं. मेजर लीग बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो त्यानंतरच्या वर्षी. २७ डिसेंबर १९६४ ला जिम ब्राउन खेळत असलेल्या याच संघाने बाल्टिमोरला २७-० हरवून या शहराला शेवटचं फुटबॉल विजेतेपद मिळवून दिलं. आणि जो थॉमस: २००७ पासून ओळीने १०,३६३ डाव तो एकदाही मैदानाबाहेर बसला नाही, आणि बाद फेरीचा एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला दुसरीकडे जाऊन विजेतेपदाची अंगठी मिळवता आली असती. तो राहिला. या गोष्टी माझ्या आधीच्या माणसांनी सांभाळल्या, १९९६ मध्ये त्यासाठी भांडले, म्हणून त्या मला मिळाल्या. मी खुर्ची सोडली तर माझ्यानंतरच्याला काय मिळणार?

आणि मालकाला खरोखर धक्का द्यायचा असेल तर जागा वेगळी आहे. विमानतळाजवळ ब्रूक पार्कला छपराचं नवं स्टेडियम उभं करायचं ठरलं आहे. त्यासाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात ओहायो राज्याने लोकांच्या बेवारस पडलेल्या पैशांतून ६० कोटी डॉलर मंजूर केले. तो पैसा माझ्या तिकिटाच्या कित्येक पटींनी मोठा आहे आणि तो आपल्या आमदारांच्या मतांनी गेला. त्या गृहस्थांनी आपल्या आमदाराला एक पत्र लिहावं. मी दोन लिहिली आहेत.

सरोवराकाठच्या स्टेडियमचा करार २०२८ च्या हंगामापर्यंत आहे. तेवढी वर्षं तिथल्या थंड वाऱ्यात आम्ही बसणार, चुकलं तर हुर्यो उडवणार, साधलं तर भुंकणार. तुम्हाला यायचं नसेल तर येऊ नका. पण संघ हरला की त्याचा दोष आमच्या माथी मारू नका.