कायद्याचे तीन कप्पे आणि एक माणूस

विवाह हा कुटुंब स्थापन करण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. घरच्यांनी मर्जीविरुद्ध अडवून ठेवलेल्या एका समलिंगी तरुणीला न्यायालयाने तिच्या इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली आणि ‘निवडलेले कुटुंब’ ही संकल्पना मान्य केली. हा निकाल समलिंगी चळवळीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहेच. तथापि, ज्यांना रोजच्या जगण्यासाठी दुसऱ्या माणसाचा आधार लागतो, त्यांच्यासाठी त्याचे मोल अधिक आहे. स्वमग्नता, सिलिअ‍ॅक हा आजार आणि समलिंगी अथवा पारलिंगी ओळख या तिन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला एकत्र आल्या आहेत, अशी माणसे समाजात आहेत. आपल्याकडील कायदे, दवाखाने आणि संस्था मात्र यातील एकेका गोष्टीचाच विचार करतात.

असा योग अगदीच विरळा असेल, ही समजूत बरोबर नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पारलिंगी व लिंगभाव-विविध व्यक्तींमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण इतरांच्या तुलनेत तिपटीपासून सहापटीपर्यंत आढळले. सिलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तर भारतात शंभरात सुमारे एक इतके आहे. दक्षिणेत ते बरेच कमी, म्हणजे हजारात एकाच्या आसपास आहे. यातील कोणतीही गोष्ट दुसरीचे कारण नव्हे, हे येथे नमूद करावयास हवे. पण तिन्ही एकत्र आल्या, की त्यांतून उद्भवणाऱ्या अडचणींची केवळ बेरीज होत नाही, तर गुणाकार होतो.

पोळीचा प्रश्न

सिलिअ‍ॅकला सर्रास ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हटले जाते. ते चुकीचे आहे. गहू, सातू आणि राय या धान्यांतील ग्लूटेन पोटात गेले, की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते आणि अन्नाचे शोषण मंदावते. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये पावाचा तुटवडा पडला असता या आजाराची मुले सुधारू लागल्याचे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने टिपले आणि १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष दाखवून दिला. आज इतक्या वर्षांनंतरही आयुष्यभर काटेकोर पथ्य हाच यावरचा उपचार आहे.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात हे पथ्य वरवर सोपे वाटते. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, भात, तसेच उपवासाचे वरई, राजगिरा, साबुदाणा हे सारे चालते. अडचण तपशिलात आहे. ज्या गिरणीत गहू दळला, त्याच जात्यावर मागाहून ज्वारी दळली, तर तिच्यात गव्हाचे पीठ उतरते. बाजारातल्या हिंगात बहुधा पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतोच. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे, असे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मानक आहे. मात्र ते पाकिटावर छापता येते. गिरणीवर, खानावळीत किंवा पंगतीत त्याचा उपयोग नाही. तेथे प्रत्येक वेळी विचारावे लागते, समजावून सांगावे लागते, प्रसंगी नकार द्यावा लागतो.

नेमके हेच स्वमग्न व्यक्तीला सर्वांत जड जाते. अनोळखी माणसाशी बोलणे, गोंगाटाच्या जागी उभे राहणे, ठरलेला पदार्थ ऐनवेळी बदलणे यांचा ताण तिला इतरांहून कितीतरी अधिक होतो. चव, वास आणि स्पर्श यांच्या तीव्र संवेदनांमुळे अनेकांचा आहार मुळातच चार-सहा पदार्थांपुरता असतो आणि त्यातले निम्मे गव्हाचे निघाले, तर खायचे काय, असा प्रश्न पडतो. शिवाय पोटातले दुखणे ओळखून ते शब्दांत सांगणे काहींना साधत नाही. मग चिडचिड आणि आक्रस्ताळेपणा ‘स्वमग्नतेचे लक्षण’ म्हणून नोंदला जातो आणि आतड्याची तपासणी राहून जाते.

याच्या उलट बाजूचा धोकाही कमी नाही. गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता ‘बरी’ होते, असा प्रचार जोरात चालतो. त्याला भक्कम शास्त्रीय आधार नाही. स्वीडनमधील आरोग्य नोंदींवर आधारित २०१३ च्या मोठ्या अभ्यासात सिलिअ‍ॅकचे निदान झालेल्यांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तरीही पालक तपासणीआधीच मुलाचा गहू तोडतात. सिलिअ‍ॅकच्या रक्तचाचणीसाठी आणि आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीसाठी रुग्णाच्या आहारात त्या वेळी ग्लूटेन असावे लागते. ते आधीच बंद केले, तर ज्याला खरोखर सिलिअ‍ॅक आहे, त्याचे निदानही हुकू शकते.

अन्य देशांनी या पथ्याकडे हक्क म्हणून पाहिले आहे. इटलीने २००५ च्या कायद्याने सिलिअ‍ॅकग्रस्तांच्या विशेष आहारासाठी सरकारी साहाय्य आणि सार्वजनिक भोजनालयांत ग्लूटेनमुक्त जेवणाची तरतूद केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लेस्ली विद्यापीठाला विद्यार्थ्यांसाठी अशी सोय करण्याचे डिसेंबर २०१२ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यात मान्य करावे लागले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, सिलिअ‍ॅक नाही. त्यामुळे वसतिगृहातील स्वमग्न मुलाला शांत खोली कायद्याने मागता येते. त्याच्या वेगळ्या भाकरीसाठी मात्र व्यवस्थापकाच्या मर्जीवर विसंबावे लागते.

‘सुधारणे’चा वारसा

स्वमग्नता आणि समलिंगी ओळख यांना जोडणारा एक काळा धागा इतिहासात आहे. स्वमग्न मुलांच्या वर्तन-उपचारांचे एक प्रवर्तक मानले गेलेले लॉस एंजेलिस येथील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी जॉर्ज रेकर्स यांच्यासह १९७४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. ‘बायकी’ वागणाऱ्या एका लहान मुलाला बक्षीस व शिक्षा यांच्या आधारे ‘पुरुषी’ कसे बनवले, याचे ते वर्णन होते. त्या नियतकालिकाने या निबंधाविषयी औपचारिक चिंता व्यक्त केली ती २०२० मध्ये. मूल जसे आहे तसे समजून घेण्याऐवजी ते इतरांसारखे दिसावे, हाच दोन्हीकडचा आग्रह होता.

भारतात मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल बदलण्याचा ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे योग्यच झाले. परंतु स्वमग्न तरुणाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तर ‘त्याला यातले काय कळते’ या एका वाक्यात त्याची बोळवण होते. ज्याला स्वतःच्या पथ्याचा बारकावा पाळता येतो, त्याला स्वतःचे मन कळत नाही, हा निष्कर्ष कोणत्या तर्कात बसतो?

‘आमच्यानंतर कोण?’

स्वमग्न मुलांच्या पालकांच्या मेळाव्यात हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर कायद्याने १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात शोधले. त्यानुसार पालकत्वासाठी स्थानिक समितीकडे अर्ज करावयाचा तो मुख्यतः आई-वडिलांनी किंवा नातेवाइकांनी. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यानेही कुटुंबाची व्याख्या रक्त, विवाह आणि दत्तक या तीन नात्यांवरच बेतली. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्याने यातील एक दार बंदच राहिले. परिणामी, ज्याला कोणत्या आवाजाने त्रास होतो, कोणत्या हिंगाने पोट बिघडते हे वर्षानुवर्षे ठाऊक आहे, तो जोडीदार कायद्याच्या लेखी परका. आणि ज्यांनी घराबाहेर काढले, ते सख्खे.

फटी मात्र आहेत. दिव्यांग हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना आहे. परस्पर विश्वासावर आधारित, विशिष्ट काळापुरते व विशिष्ट निर्णयापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारे, असे त्याचे स्वरूप आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी रक्ताच्या नात्यातलाच हवा, अशी अट नाही. २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे, असे राज्यांना कळवले. संयुक्त बँक खात्याबाबतही खुलासा झाला. मात्र त्या शिधापत्रिकेवर गहू आला, तर सिलिअ‍ॅकग्रस्ताला त्याचा उपयोग शून्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे. भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष २०२३ मध्ये भारताच्याच पुढाकाराने साजरे झाले. वैद्यकीय प्रमाणपत्रावर गव्हाऐवजी ज्वारी किंवा तांदूळ देणे राज्याला अशक्य नाही.

करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. मर्यादित पालक नेमताना त्या व्यक्तीने स्वतः निवडलेल्या माणसाचा विचार आधी व्हावा. दिव्यांग व पारलिंगी व्यक्तींच्या निवासी संस्थांत वैद्यकीय पथ्य हा हक्क मानला जावा. स्वमग्न मुलांच्या पोटाच्या तक्रारींची तपासणी गहू तोडण्याआधी व्हावी. पुण्यातील समपथिक ट्रस्ट किंवा मुंबईतील हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी समलिंगी व पारलिंगी व्यक्तींसाठी, तर पालकांच्या संघटनांनी स्वमग्नांसाठी मराठी मुलखात जागा निर्माण केल्या आहेत. त्यांनी एकमेकांच्या दारात जाण्याची वेळ आली आहे. मद्रासच्या निकालाने कुटुंब निवडण्याचा अधिकार मान्य केला. तो अधिकार आधारावाचून जगू न शकणाऱ्यांपर्यंत पोहोचला, तरच ‘आमच्यानंतर कोण’ या प्रश्नाला उत्तर मिळेल.