गोदावरी कुणाची?

मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गोदावरीचा धडा आला की फळ्यावर लिहायचो : उगम त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी, लांबी १४६५ किलोमीटर, शेवट बंगालच्या उपसागरात. मुलं पाठ करायची, दोन गुण मिळवायची. आपण नदी शिकवली, असं मला वाटायचं.

गेल्या दिवाळीत निफाडचा भाचा पैठणला आला. त्याची द्राक्षबाग आहे. चहा संपायच्या आत म्हणाला, "मामा, आमच्या धरणांतलं पाणी तुम्ही जायकवाडीला ओढून नेता." मीही चिडलो. "अरे, तुम्ही वर अडवल्यावर आमच्यापर्यंत उरतं काय?" शेवटी त्याची आई मध्ये पडली.

रात्री विचार करत पडलो. दोघेही 'आमचं पाणी'च म्हणत होतो.

ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नाही. पण दख्खनचं पठार पूर्वेला उतरतं, म्हणून गोदामाई एवढा लांबचा रस्ता धरते. देशाची जवळपास एक दशांश जमीन तिच्या खोऱ्यात येते. सातवाहनांची राजधानी तिच्याच काठी, आमच्या पैठणला होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात इथला माल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. नाथांचं पैठण, गुरु गोविंदसिंगांचं नांदेड आणि पार खाली आंध्रातली भातशेती, सगळी तिचीच. यातलं कुणाचं गाव वर, कुणाचं खाली, हे तिनं ठरवलेलं नाही, उतारानं ठरवलं.

२००५ साली राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. २०१४ मध्ये त्या प्राधिकरणानं जायकवाडीत साठा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचं सूत्र घालून दिलं. मला ते न्यायाचं वाटतं. वर राहणारा रांगेत पहिला असतो, मालक नसतो.

पण मग हाच नियम मलाही लागतो. कालव्याच्या तोंडाशी आम्ही ऊस लावतो आणि शेवटच्या गावाला पाण्याची वाट बघायला लावतो. त्या गावासाठी आम्हीच 'निफाडवाले' असतो. हे भाच्याशी भांडताना मला आठवलं नव्हतं.

आता भाच्याला फोन करून एवढं कबूल करणार आहे. आणि पुन्हा खडू हाती आला, तर उगम आणि लांबीखाली मुलांसाठी एक प्रश्न लिहीन : तुमच्या गावाच्या खाली कोणतं गाव आहे?