कुलूप लावण्याआधी पाणी बंद करा
(गणपतीला गावी निघालेल्या सर्व सभासदांना आणि भाडेकरूंना जाहीर आवाहन)



गणपती तोंडावर आले आहेत. कोकणातली मंडळी निघायच्या तयारीत आहेत आणि दरवर्षीप्रमाणे आपल्या तिन्ही विंगमधली बरीच दारं आठ-दहा दिवस कुलूपबंद राहणार आहेत. निघताना आपण गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, देवाला हात जोडतो, कुलूप दोनदा ओढून बघतो. पाण्याचा कॉक मात्र सहसा कोणी बंद करत नाही. तेवढं एक काम करून जा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या मे महिन्यात ए विंगच्या चौथ्या मजल्यावर बंद घरातला गीझर फुटला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर गप्पा पुष्कळ झाल्या, पण नेमकं काय घडलं हे थोड्यांनाच माहीत आहे. स्फोट वगैरे झाला नव्हता. गीझरची आतली टाकी बुडाशी गंजून चिरली आणि पाणी वाहू लागलं. सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हॉलमधल्या पंख्याच्या वाटीतून थेंब पडताना दिसले. बाथरूमचं फॉल्स सीलिंग तोवर पोटासारखं फुगलं होतं. घरमालक सहकुटुंब राजापूरकडे, फोनला रेंज नाही. चावी बदलापूरला मेहुणीकडे. गच्चीवर धावलो तर टाकीखाली व्हॉल्व्हची रांग, पण कोणता कोणत्या घराचा हे एकावरही लिहिलेलं नाही. वॉचमनने शेवटी सगळेच बंद केले आणि भर मे महिन्यात अख्ख्या विंगचं पाणी गेलं. मेहुणीबाई लोकलने चावी घेऊन पोहोचेपर्यंत आत घोट्याएवढं पाणी साचलं होतं, प्लायवूडचा दिवाण फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि खाली काकूंच्या कपाटातल्या पैठण्यांचे रंग एकमेकींना लागले होते.

तेव्हा जो तो विचारत होता, ‘पंधरा लिटरच्या गीझरमध्ये एवढं पाणी आलं कुठून?’ ते गीझरचं नव्हतंच. गीझरच्या इनलेटला जोडलेला पाइप थेट गच्चीवरच्या टाकीतून येतो. गीझरची टाकी चिरली की त्या पाइपला तोंडच फुटतं आणि कोणी कॉक फिरवेपर्यंत ते वाहत राहतं. मिनिटाला दहा लिटर धरलं, आणि हा अंदाज जास्त नाही, तरी तासाला सहाशे आणि दिवसाला 14,400 लिटर होतात. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाण्याचा सरकारी निकष आहे. त्या हिशेबाने शंभराहून जास्त माणसांचं पाणी एका बाथरूममधून जिन्यावर गेलं. उन्हाळ्यात आपण टँकरला पैसे मोजतो, ते हेच पाणी.

गीझर फुटतो तो काही नशिबाने नव्हे. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. टँकरच्या आणि बोअरच्या जड पाण्याने ती लवकर संपते, आणि एकदा ती संपली की गंज टाकीला धरतो. ही कांडी बदलता येते, फार महागही नसते. पण गीझर चालू आहे तोवर तो उघडून बघायचं आपल्या मनात येत नाही.

दुसरं कारण आपलं आपणच तयार करतो. गीझरच्या थंड पाण्याच्या बाजूला सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. 25 लिटर पाणी 25 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापवलं तर ते साधारण अर्धा लिटर वाढतं. ते वाढीव पाणी त्या व्हॉल्व्हमधून ठिबकून बाहेर पडतं. पडायलाच हवं. पण बाथरूममध्ये थेंब पडतो म्हणून आपण प्लंबरला बोलावतो आणि तोही ‘ठीक करतो’ म्हणत तिथे प्लग ठोकतो किंवा एम-सील लावून देतो. वाढीव पाण्याला वाट उरत नाही, दर वेळी ताण टाकीवर येतो. वर थर्मोस्टॅट अडकून पडला तर आणखी वाईट. ज्यांनी असं बुजवून घेतलं आहे त्यांनी जाण्याआधी ते मोकळं करून घ्यावं आणि थेंबाखाली पातळ नळी लावून ती जाळीत सोडावी.

नवीन गीझर घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. टाकीपासून खाली दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक बारने वाढतो, म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त दाब खालच्या मजल्यांवर असतो. गीझरवर तो किती बार सोसतो ते छापलेलं असतं. रंग बघण्याआधी तो आकडा आणि आयएसआयची खूण बघा.

आता निघण्याआधीचं काम. आधी गीझरचा स्विच आणि एमसीबी बंद करा, मग पाणी. आपल्या इमारतीत घराला एकच मेन कॉक नाही. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, प्रत्येक बाथरूमची वेगळी, त्यामुळे कॉकही तेवढेच आणि ते सगळे बंद करायचे आहेत. बरेचसे नळाच्या वर किंवा लॉफ्टखाली दडलेले आहेत आणि वर्षानुवर्षं न फिरवल्याने अडकले आहेत. त्यांना पकडीने जोर लावू नका. कॉकच हातात आला तर गावची गाडी चुकेल. निघायच्या दिवसाच्या बऱ्याच आधी प्लंबरकडून ते मोकळे करून घ्या. बंद केल्यावर नळ सोडून पाणी खरंच थांबतं ना ते बघा, कारण अर्धा बंद झालेला कॉक उघड्यासारखाच. वॉशिंग मशिनची नळी, आरओची बारीक नळी आणि गीझरचे जाळीदार कनेक्शन पाइप हेही असेच दगा देतात. ते फुटले तरी कॉक बंद असेल तर जमिनीवर फक्त डबकं होईल.

चावी कोणाकडे तरी इथेच, याच इमारतीत ठेवा. बदलापूर, विरार, पुण्याचा भाऊ हे सगळं ठीक आहे, पण पाणी लोकलची वाट बघत नाही. कोणाच्या घराला हात लावायचा म्हटलं की कमिटीचे हात बांधलेले असतात. मालकाच्या संमतीशिवाय कुलूप तोडणं आम्हाला शोभतही नाही आणि परवडतही नाही. तशी वेळ आलीच तर पोलीस ठाण्यात कळवून, साक्षीदारांसमोर ते करावं लागतं. तेवढ्यात वाहायचं ते वाहून जातं. म्हणून एक छोटं परवानगीपत्र भरून द्या. आपत्तीत कोणी दार उघडायचं, चावी कुठे आहे, गावाकडचा दुसरा फोन नंबर कोणता, एवढंच त्यात लिहायचं आहे. जी वडीलधारी मंडळी मुलांकडे अमेरिकेला सहा-सहा महिने जातात, त्यांनी तर हे न चुकता करावं. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ, आणि आपला फोन जातो तेव्हा ती झोपलेली असतात.

आणि गावी असताना आमचा फोन आलाच तर ‘आमचा गीझर नवा आहे, वरून गळत असेल’ हा वाद कृपा करून परत आल्यावर घालू. आधी कॉक आणि एमसीबी कुठे आहेत ते सांगा. व्हिडिओ कॉल लागत असेल तर लावा, म्हणजे आत गेलेला माणूस तुमच्या डोळ्यांदेखत आत जाईल. आम्ही दोन माणसांशिवाय आत जाणार नाही. काही हलवण्याआधी फोटो काढू आणि काय दिसलं ते लिहून ठेवू. गृहविमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून होणारं नुकसान धरलेलं आहे. पॉलिसी नसेल तर निदान चौकशी करा. आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने करायची असते, सोसायटीने नव्हे. काकूंच्या पैठण्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही, यावर मी जास्त लिहीत नाही.

खालच्या मजल्यावरच्यांनी काय करावं? छतातून पाणी दिसलं की ओल्या फरशीवर उभं राहून दिव्याचा किंवा पंख्याचा स्विच दाबू नका. पाणी छतातल्या वायरच्या पाइपातून बोर्डात उतरतं. कोरड्या जागेवरून मेन बंद करता येत असेल तरच करा. फुगलेल्या पीओपीखाली पोरांना फिरकू देऊ नका. पाणी जिन्याकडे वळलं असेल तर वॉचमनला सांगून लिफ्ट लगेच थांबवा. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं तर तिथे कोणीही पाऊल ठेवायचं नाही. महावितरणला 1912 वर आणि अग्निशमन दलाला 101 वर फोन करायचा.

परतल्यावर आधी कॉक उघडा. मग गरम पाण्याचा नळ सोडून एकसारखी धार लागेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच गीझरचा स्विच लावा. टाकी रिकामी असताना तो लावला तर आतली कॉइल जळते.

गच्चीवरच्या व्हॉल्व्हवर फ्लॅट नंबर रंगवायचं काम ए विंगचं पूर्ण झालं आहे. बी आणि सी विंगमध्ये कोणता पाइप कुठे जातो हे शोधण्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा पाणी थोडं-थोडं बंद राहील. त्या वेळेत प्रत्येक घरात कोणीतरी थांबावं आणि आपल्या नळाचं पाणी कधी गेलं ते इंटरकॉमवर सांगावं. परवानगीपत्राचे कोरे कागद वॉचमनच्या केबिनमध्ये आहेत. भरून, बंद पाकिटावर फ्लॅट नंबर घालून, निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत तिथेच द्यावेत.

आपला,
मानद सचिव