कुंडलिका कोलाडला संपत नाही

सुट्टी लागली की मुंबईच्या गाड्या पेण, वडखळ, नागोठणे मागे टाकत कोलाडची वाट धरतात. रोहा तालुक्यातल्या या गावाजवळ कुंडलिकेवर राफ्टिंग चालते, आणि कोकणातल्या बाकीच्या नद्या आटतात त्या भर मे महिन्यातही चालते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज निर्माण करून खाली कुंडलिकेला मिळते, म्हणून. खरे तर हे धरण ज्या मुळा नदीवर आहे, ती पूर्वेला वाहणारी. तिचे पाणी भीमेतून कृष्णेला जायचे. ते कोकणात उतरवण्यासाठी मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ पासून सेनापती बापटांच्या साथीने त्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालेच आणि १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले. राफ्टमध्ये बसवण्याआधी लाइफ जॅकेट कसे बांधायचे, वल्हे कसे धरायचे हे पाहुण्यांना नीट शिकवतात. हे पाणी कोणाच्या शेतांवरून आले, तेही त्याच वेळी सांगायला हवे.

आणि ते पुढे कुठे जाते, हेही. पर्यटकाची नदी काही किलोमीटरांत संपते. तो काठावर उतरतो, जेवतो, परत फिरतो. कुंडलिका मात्र धाटावच्या रासायनिक कारखान्यांजवळून, रोहा शहराला लागून, साळाव-रेवदंड्याच्या खाडीपर्यंत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात कुंडलिकेचे नाव आहे. या खाडीवर कोळ्यांची चूल पेटते. ज्या जिताड्यासाठी पेण-अलिबागकडचा माणूस जीव टाकतो, तो मासाही असल्याच खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतो. वरच्या अंगाला नदी जाहिरातीत मिरवायची आणि खालच्या अंगाला तिच्याकडे पाठ फिरवायची, हा व्यवहार थांबला पाहिजे.

राफ्टिंगने कोलाड परिसरातल्या तरुणांना गावातच काम दिले, हे मोलाचे आहे. खाडीकाठच्या तरुणांनाही तसे काम मिळू शकते. हिवाळ्यात खाडीतल्या चिखलावर उतरणारे पाणपक्षी दाखवायला, कांदळवनातून होडी न्यायला कोळ्यांइतका जाणता वाटाड्या दुसरा नाही. पण ज्या पाण्याला वास येतो, तिथे पाहुण्याला कोण नेणार?

प्रदूषण नियंत्रण मंडळ या नदीचे पाणी तपासतेच. तपासणीचे ताजे आकडे, साध्या मराठीत, राफ्ट सुटतात त्या काठावर फलकावर लागले पाहिजेत: भिऱ्याखालचे पाणी कसे, धाटावखालचे कसे, साळावजवळचे कसे. तिकिटातला ठरावीक वाटा नदीच्या खालच्या टप्प्यासाठी राखावा, आणि तो कुठे खर्च झाला हे रोह्यातल्या आणि खाडीकाठच्या ग्रामसभांपुढे दरवर्षी मांडावे.