मावळे कॅमेऱ्याकडे का बघतात?

गेल्या दिवाळीत भूगावच्या आमच्या सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस मिळालेल्या किल्ल्यावरचे मावळे मी मोजले. 31 होते. सगळे एका रांगेत, परीक्षकांकडे तोंड करून, दरीकडे पाठ. मागून कुणी दोर लावून चढलं असतं तर फोटो झकास आला असता आणि गड गेला असता.

बक्षिसाबद्दल तक्रार नाही. (थोडी आहे.) राग या समजुतीचा आहे, की किल्ला केला की काम संपलं, मग मावळे काय, कुठंही ठेवा. माझ्या मते दगड, माती आणि चिखलात बुडवलेलं गोणपाट हा निम्माच किल्ला. उरलेला निम्मा म्हणजे कोण कुठं उभा आणि का.

घनगडावर जाऊन या, मुळशीतलाच आहे. एकोले गावातून चढताना कातळात एका ठिकाणी शिडी लावलीय. तिथं थांबलं की कळतं: वर एक माणूस दगड घेऊन बसला, तर खालच्या पन्नासांचं काही चालणार नाही. तो एक मावळा त्या जागी ठेवा, बाकी 30 नसले तरी चालतील.

काहीजण म्हणतात, पोरांचा खेळ आहे, प्रमाण कसलं बघता? प्रमाणाचा हट्ट माझाही नाही. चार इंची मावळा आणि दोन फुटी किल्ला म्हणजे हिशेबानं गड जेमतेम 33 फुटांचा, तिमजली इमारतीएवढा. चालतं की. महाराज सगळ्यांपेक्षा मोठे असतात, तेही बरोबरच. ती भक्ती आहे. पण पहारेकरी बाहेर बघतो, याला प्रमाण लागत नाही.

आणि सगळे भालेवालेच का? गडावर हवालदार असे, सरनोबत असे, हिशेब लिहिणारा सबनीस असे, दाणागोटा सांभाळणारा कारखानीस असे. बाजारच्या सेटमध्ये सबनीस येत नाही. मग गवळणीच्या सेटमधला एखादा म्हातारा घ्या आणि मांडीवर कागदाचा कपटा चिकटवा.

उभं करण्याचीही एक गोष्ट. ओल्या मातीत मावळा खुपसला की प्लॅस्टरचे पाय भिजतात, तिसऱ्या दिवशी तो घोट्यात मोडतो. परदेशात टेबलावर लढाया खेळणारे प्रत्येक शिपाई छोट्या चकतीवर चिकटवतात, वर वाळू लावतात. आपल्याकडे बाटलीचं झाकण पुरतं. पालथं झाकण, त्यावर मावळा, कडेनं गोंद आणि माती. उतारावरही पडत नाही. तुळशीचं लग्न झालं की झाकणासकट खोक्यात. खोक्यात रंगाप्रमाणे नाही, कामाप्रमाणे लावा: पहारा, तोफा, पाणी, कोठी. पुढच्या वर्षी उघडल्यावर निम्मा गड तयार असतो.

2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेल्यापासून जो तो रायगड नाहीतर राजगड करतोय. करा. मी यंदा कोरीगड करतोय, तोही मुळशीतला. सलग तट, वर दोन तळी, कोराईचं देऊळ. 1818 मध्ये इंग्रजांचा गोळा दारूकोठारावर पडला आणि गड हातचा गेला, म्हणून कोठार कुठं करायचं यावर आमच्याकडे दोन दिवस खल झाला. भाची म्हणते, देवळामागं. मी म्हणतो, देवळाजवळ दारू नको. मावळे 19 आहेत आणि तट लांबच लांब. रात्रीच्या पहाऱ्याला किती, हे अजून ठरायचंय.