निशाण दाखविणारा हात

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची कुस्ती झाली. पंचांनी राक्षे चीतपट झाल्याचे जाहीर केले. आपली पाठ टेकलीच नव्हती, चित्रफीत पाहा, असा राक्षे याचा आग्रह होता. तो मान्य होईना तेव्हा त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली, आणि हे दृश्य राज्यभर पाहिले गेले. त्यानंतर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यानेही गुणदानावर नाराज होऊन वेळ संपण्यापूर्वीच मैदान सोडले. मोहोळ विजयी ठरला. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

पंचावर हात टाकणे किंवा पाय उगारणे याचे समर्थन कोणीही करू नये, आणि प्रस्तुत लेखकही करीत नाही. परंतु शिस्तभंगाची चर्चा जितक्या आवेशाने झाली, तितक्या आवेशाने मूळ प्रश्नाची झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातही सिकंदर शेख आणि गायकवाड यांच्या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून असेच वादळ उठले होते. अशा वादांत निकालाची छाननी होते ती गदा दिल्यानंतर. ती आधी का होऊ नये, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला अलीकडे गदेबरोबर मोटारगाडीही मिळते. योगायोग असा, की पंचाच्या अधिकाराचा हाच प्रश्न जगात सर्वांत बारकाईने चघळला गेला तो मोटारींच्या शर्यतींतच. अमेरिकेत ‘नॅस्कार’ ही संस्था स्टॉक कार शर्यती भरविते. वाटेवर अपघात झाला किंवा एखाद्या गाडीचा तुकडा पडलेला दिसला, की नियंत्रक पिवळे निशाण दाखवितात. सर्व गाड्या मंदावतात आणि पुढे चाललेल्या गाडीच्या मागे एका रांगेत जमा होतात. सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच आहे. पण परिणाम काय होतो? ज्याने शंभर फेऱ्या घाम गाळून दहा सेकंदांची आघाडी मिळविली, त्याची आघाडी क्षणात पुसली जाते. मागे पडलेल्याला नवे जीवदान मिळते आणि प्रेक्षकांना चुरशीचा शेवट मिळतो. रटाळ झालेल्या शर्यतीत असा एखादा तुकडा नेमका शेवटीच कसा सापडतो, अशी शंका तेथील लोक वर्षानुवर्षे बोलून दाखवीत आले. २००७ मध्ये टोनी स्टुअर्ट या नामांकित चालकाने तर या निशाणांची तुलना दूरदर्शनवरील ठरवून केलेल्या कुस्त्यांशी केली. आमच्या तांबड्या मातीतल्या कुस्तीशी त्या तमाशाचा काही संबंध नाही, हे येथे सांगून ठेवलेले बरे.

स्टुअर्टच्या आरोपात नियंत्रकांच्या हेतूवर संशय होता. माझ्या मते त्याहून अधिक शिकविणारी घटना ७ सप्टेंबर २०१३ ची, रिचमंड येथील आहे. चारशे फेऱ्यांच्या त्या शर्यतीत अखेरच्या सात फेऱ्या उरल्या असताना रायन न्यूमन आघाडीवर होता. जिंकला असता तर अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्यात त्याला जागा मिळत होती. तेवढ्यात क्लिंट बोयर याची गाडी गिरकी घेऊन थांबली. पिवळे निशाण फडकले, न्यूमनची आघाडी गेली आणि अंतिम टप्प्यातील जागा बोयरचाच संघसहकारी मार्टिन ट्रूएक्स याच्या पदरात पडली. गिरकी मुद्दाम घेतली हे निर्विवाद सिद्ध झाले नाही. तथापि त्या संघाने निकाल वळविण्याचा प्रयत्न केला, असे ठरवून संस्थेने त्याला तीन लाख डॉलरचा दंड केला, त्याच्या तिन्ही चालकांचे पन्नास पन्नास गुण कापले आणि ट्रूएक्सच्या जागी न्यूमनला घेतले. पुढे जेफ गॉर्डन यालाही न्याय द्यावा लागला. तेव्हा बारा जागांच्या तेरा कराव्या लागल्या.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की येथे निशाण दाखविणाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. वाटेवर गाडी आडवी झाली, त्याने निशाण दाखविले. दोष नियमाच्या रचनेत होता. एक गिरकी घेतली की दुसऱ्याची आघाडी शून्य होते, असा नियम असेल तर गिरकीला बाजारभाव येतो. आणि ज्या वस्तूला भाव येतो तिचा पुरवठा करणारा आज ना उद्या निघतोच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. ‘आमचे पंच प्रामाणिक आहेत’ हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे.

१२ डिसेंबर २०२१ ला अबुधाबीत फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद ठरले ते तर नियमाच्या शब्दार्थावर. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचे गुण समसमान होते. एका अपघातानंतर सर्व गाड्या सेफ्टी कारमागे रांगेत आल्या. एक फेरी मागे पडलेल्या आठ गाड्यांपैकी या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांनाच शर्यत-संचालक मायकेल मासी यांनी पुढे जाऊ दिले आणि शेवटच्या एका फेरीसाठी शर्यत खुली केली. नवे टायर बसविलेला व्हर्स्टापेन जिंकला. जागतिक संघटनेने पुढे अहवालात ही मानवी चूक असल्याचे, पण ती सद्‌हेतूने झाल्याचे म्हटले. मासी यांचे पद गेले, नियमाचे शब्द बदलले. निकाल मात्र तोच राहिला.

१९७७ मध्ये फिन किडलंड आणि एडवर्ड प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला, की प्रत्येक वेळी त्या क्षणी योग्य वाटेल तो निर्णय घेणाऱ्या सत्तेपेक्षा आगाऊ जाहीर केलेल्या नियमाने बांधलेली सत्ता अधिक हिताची असते. कारण लोक आपले वर्तन त्या सत्तेच्या अपेक्षित वर्तनावर बेततात. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. नाशिकच्या कांदा उत्पादकाला मात्र हा सिद्धांत वाचावा लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीचे पिवळे निशाण फडकले आणि मे २०२४ पर्यंत खाली आले नाही, हे त्याने अनुभवले आहे.

तातडीच्या प्रसंगी नियम चाळीत बसायला वेळ कोठे, असा आक्षेप घेतला जाईल. पण फॉर्म्युला वनमध्ये २०१५ पासून अशीही सोय आहे, की सर्वांनी वेग सारखाच कमी करावा आणि गाड्यांमधील अंतर जवळजवळ तसेच राहावे. म्हणजे जीव वाचविण्यासाठी कमाई पुसलीच पाहिजे असे नाही. कुस्तीतही आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रशिक्षकाला चित्रफितीच्या फेरतपासणीची मागणी करता येते, आणि ती फेटाळली गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. हा एक गुण मला फार शहाणपणाचा वाटतो. दाद मागण्याचा हक्क आहे, पण तो फुकट नाही. त्यामुळे उठसूट कोणी तो वापरीत नाही. आपल्याकडील प्रत्येक मोठ्या मैदानात ही तरतूद डोळ्यांदेखत आणि निकाल जाहीर होण्यापूर्वी अमलात यावयास हवी.

हे सारे मोखाड्याहून लिहावे असे का वाटले? येथील आदिवासी मुलाचे पाय हे त्याचे पहिले भांडवल आहे. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांतून तो वरच्या पातळीवर जातो. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांची वाट याच पायऱ्यांवरून जाते. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यात आता अनेक ठिकाणी वेळ इलेक्ट्रॉनिक चिपवर नोंदली जाते. तेथे वाद फारसा उरत नाही. शालेय मैदानावर मात्र चुन्याची एक रेघ असते आणि तिच्यावर आपण शिक्षक मंडळी उभी असतो, बहुधा भाग घेणाऱ्या शाळांचीच. आपला विद्यार्थी धावत असलेल्या शर्यतीत त्याच शाळेच्या शिक्षकाने रेघेवर उभे राहू नये. पंचांची नावे सकाळी सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून काढावीत. शर्यत कोणत्या कारणासाठी थांबविता किंवा पुन्हा धावविता येईल हे फलकावर आधीच लिहावे. आणि प्रत्येकाच्या खिशात असलेल्या मोबाइलांपैकी एक रेघेच्या टोकाला खुंटीवर बांधून चालू ठेवावा. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. आगामी स्पर्धांच्या नियोजनाच्या बैठकीत कोणीही मुख्याध्यापक हा विषय मांडू शकतो.