श्रोता, प्रेक्षक आणि श्रावक

चातुर्मास संपला, दिवाळीचे वहीपूजन आटोपले, की पुण्यातील रसिकांचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव, शनिवार-रविवारी नाट्यगृहांत लागोपाठ प्रयोग, शुक्रवारी नवे चित्रपट. या गर्दीत जैन व्यापारी कुटुंबे पूर्वीपासून आहेत. उत्सवांना देणगी देण्यात त्यांचा हात कधी आखडला नाही. पण देणगी देणे निराळे आणि श्रोता होणे निराळे. ‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकणारा’ असा आहे. ज्या समाजाने हे नाव स्वतःला लावून घेतले, त्याच्याकडून सभागृहातही थोडी अधिक अपेक्षा बाळगली तर वावगे ठरू नये.

भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव एके काळी रात्र-रात्र चाले. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे आता मैफली बहुधा रात्री दहापर्यंत संपतात. बदलली नाही ती विलंबित ख्यालाची चाल. गायक एकेक स्वर उलगडत जातो आणि श्रोत्याकडे फक्त वेळ मागतो. एका सामायिकाचा अवधी ४८ मिनिटांचा. सामायिक ही आत्मसाधना आणि गायन हे रंजन. दोहोंची बरोबरी करण्याचे कारण नाही. तरीही ४८ मिनिटे स्थिर बसण्याचा संस्कार ज्या घरात आहे, त्या घरातील माणूस आलाप चालू असता तिसऱ्यांदा उठून बाहेर जातो, तेव्हा नवल वाटते. त्याहून खटकतात त्या पुढच्या रांगांतील रिकाम्या खुर्च्या. सन्मानिका घेऊन न येणारा पाहुणा मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची जागा अडवतो आणि कलावंतासमोर पोकळी ठेवतो.

नाटकाचे गणित आणखी नाजूक आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकाच्या खिशात दूरध्वनी नव्हता. आता भर प्रवेशात कुणाच्या तरी चेहऱ्यावर निळा उजेड पडतो आणि रंगमंचावरील नटाला तो स्पष्ट दिसतो. मध्यंतरातील बटाटेवड्याच्या रांगेतून जैन प्रेक्षकाची आपोआप सुटका आहे. तिसरी घंटा होण्यापूर्वी जागेवर बसण्यास त्याला तरी सबब उरू नये. दुपारचे प्रयोग चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही सोयीचे असतात. तिकीट मात्र स्वतः काढावे. नाटक उद्याच्या तिकिटावर जगते. फुकट पासावर नव्हे.

चित्रपटाच्या बाबतीत प्रश्न शिष्टाचाराचा राहत नाही, तो व्रताचा होतो. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, मराठीला तो मान पुन्हा मिळण्यास ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, थांबावे लागले. मराठी चित्रपटाची बाजारपेठ लहान असते आणि पहिल्या आठवड्यातील तिकिटे हाच त्याचा मोठा आधार असतो. नेमक्या त्याच आठवड्यात चोरटी प्रत कुटुंबाच्या गटात येऊन पडते आणि घरोघरी ती मजेत पाहिली जाते. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास २०२३ च्या सुधारित कायद्याने किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड ठरविला आहे. परंतु जैन घराला हे सांगण्यास सरकारची गरज पडू नये. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी वजनमापे ठेवणे हा त्यांतील एक आणि चोरीचा माल घेणे हा दुसरा. दुकानात चोरीचा माल दारातूनच परत पाठविणारा व्यापारी रात्री तोच माल पडद्यावर पाहत असेल, तर मुलांनी त्यातून काय शिकावे?

नाटक-गाणे हा श्रावकाचा विषयच नव्हे, असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्या चिंतेत तथ्य आहे. रंजनाचा अतिरेक हा प्रमादच. पण आचार्य हेमचंद्रांचे शिष्य रामचंद्र यांनी गुणचंद्रांसमवेत ‘नाट्यदर्पण’ रचले, हेही त्याच परंपरेत घडले. ‘आदिपुराणा’तील नीलांजनेची कथा तर दिगंबर घरांतील लहानथोरांना ठाऊक आहे. ऋषभदेवांच्या सभेत नाचता नाचता तिचे आयुष्य संपले. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने क्षणात तशीच दुसरी नर्तकी उभी केली. सभेला काहीच कळले नाही. ऋषभदेवांना कळले, आणि तेथूनच त्यांच्या वैराग्याला आरंभ झाला.

नृत्य सर्वांनीच पाहिले होते. मन लावून पाहणारा त्या सभेत एकच होता.